शकूचा हात उठला

ज्यांच्या घरात आज कुणी सारखं खोकतंय आणि बाकीचे 'उष्णता झाली असेल' म्हणून विषय बदलतायत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी बरा झालो, पण म्हणून मला सगळं कळलं असं समजू नका. मी का वाचलो, माझ्या शेजारच्या खाटेवरचा माणूस का गेला, आणि माझ्या पोरीला मी काय दिलं, हे मला कुणी सरळ विचारलं तर मी गप्प बसेन. गप्प बसायची मला सवय नव्हती. लोकांना समजावून सांगणं हेच तर माझं काम होतं.

मी देवी डॉक्टर. डॉक्टर म्हणजे नावापुरता. सातवी पास झालेला, देवीची लस टोचणारा लोकल बोर्डाचा माणूस. पण आमच्या जुन्नर-आंबेगावकडं सगळे आम्हाला देवी डॉक्टरच म्हणतात. सायकलच्या मागं पेटी बांधायची आणि आळे, पिंपळवंडी, लोणी अशी गावं करत हिंडायचं. मी आलो असं कळलं की आया पोरांना माळ्यावर नाहीतर कणगीमागं लपवायच्या. त्यांच्याशी हुज्जत घालायची, पोरं बाहेर काढायची, दंडावर टोचायचं, आणि आठव्या दिवशी पुन्हा जाऊन दंड बघायचे. टोचलेल्या जागी फोड आला असेल तर त्याला आम्ही म्हणायचो, 'उठली'. उठली म्हणजे लस लागू पडली, पोर देवीतून सुटलं. नाही उठली तर पुन्हा टोचायचं. चांगला उठलेला दंड दिसला की आई खूश, मी खूश, आणि एखाद्या घरी वर गूळ-शेंगदाणे. बारा वर्षं मी दारोदार हा एकच शब्द सांगत हिंडलो.

छातीवरचा घोडा

खोकला लागला तो दिवाळीनंतर. अडुळशाचा काढा झाला, ज्येष्ठमध झालं, कुणी सांगितलं म्हणून कांद्याचा रस झाला. संध्याकाळी अंग कोमट लागायचं आणि सदरा दिवसेंदिवस मोठा व्हायला लागला. माझी बायको इंदू रोज म्हणायची, "अहो, दाखवा की कुनाला तरी." मी तिला ठणकावून सांगायचो, "मी स्वतः औषधपाण्यातला माणूस आहे." हा माझा शुद्ध मूर्खपणा होता आणि त्याला दुसरं नाव द्यायची माझी इच्छा नाही.

शकू, आमची एकुलती एक पोर, तेव्हा चार वर्षांची होती. मी फिरतीवरून आलो की माझ्या छातीवर येऊन पडायची आणि तिथंच झोपायची. खोकल्यानं छाती हलली की हसायची. "दादा, घोडा करा अजून," म्हणायची. मीही हौसेनं दोनदा जास्तच खोकून दाखवायचो. ही गोष्ट मला लपवता आली असती, पण पुढं माझं सगळं डोकं इथंच येऊन अडकलं, म्हणून लिहून टाकली.

लोणीला चावडीत पोरांना टोचत बसलो होतो. उबळ आली, रुमाल तोंडाशी धरला, आणि रुमाल लाल झाला. समोर एक बाई कडेवर पोर घेऊन उभी होती. ती म्हणाली, "काय वो डॉक्टर, दात पडला का काय?" मी हो म्हणालो. उरलेल्या पोरांना टोचून मगच उठलो. तेव्हा मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं. आता त्या पोरांची तोंडं एकेक करून आठवतात.

पोकळी

जुन्नरच्या डॉक्टरांनी छाती ऐकली, पाठ ठोकली आणि पुण्याला फोटो काढायला धाडलं. तिथल्या डॉक्टरांनी तो काळा फोटो खिडकीशी धरला आणि म्हणाले, "इथं बघा." मी बघितलं. मला बरगड्या दिसल्या. आपल्याला इतक्या बरगड्या असतात हे पाहून मी जरा गडबडलोच.

"डाव्या बाजूला, वरती. पोकळी आहे."

"पोकळी म्हणजे काही नाही, असंच ना?" मी विचारलं.

मी खरंच तसं समजलो होतो. पोकळी म्हणजे रिकामी जागा. रिकाम्या जागेत रोग कसा असेल? डॉक्टर शांतपणे म्हणाले, "तिथं फुफ्फुस होतं. ते जंतूंनी खाल्लं. क्षय आहे तुम्हाला."

बारा वर्षं मी गावोगाव सांगत आलो होतो, बाई, रोग जंतूनं होतो, कुणाच्या कोपानं होत नाही. आणि त्या खिडकीशी माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की मी असं कुणाचं काय वाईट केलं होतं? लगेच दुसरा आला: शकू. तो मात्र त्या दिवसापासून हललाच नाही. मी तोंडानं विचारलं नाही. विचारलं तर उत्तर मिळेल या भीतीनं विचारलं नाही.

पडून राहण्याचं काम

पुण्याबाहेरच्या सरकारी इस्पितळात मला खाट मिळाली. तिथं सकाळी उठल्यावर आधी थर्मामीटर, मग थुंकीची झाकणाची डबी, मग दूध आणि अंडं, मग इंजेक्शन, आणि मग दिवसभर पडून राहायचं. बोलायचं नाही, हसायचं नाही, जोरात खोकायचं नाही. दुपारी दोन तास तर कूस बदलली तरी नर्सबाई ओरडायच्या. फुफ्फुसाला विश्रांती हवी म्हणे. मला कळेना, की श्वास तर चालूच आहे, मग विश्रांती कोण घेतंय? त्यातच काही रोग्यांच्या छातीत सुईनं हवा भरायचे, फुफ्फुस मिटावं म्हणून. मी आपला नर्सबाईंना विचारायचो, "फुफ्फुसात हवा जावी म्हणून माणूस श्वास घेतो, आणि तुम्ही हवा भरून तेच मिटवता?" त्या म्हणायच्या, "देवी डॉक्टर, तुम्ही गप पडा."

स्ट्रेप्टोमायसीनची इंजेक्शनं सुरू झाली तसं कानात रातकिडे बोलायला लागले आणि चालताना भिंत धरावी लागायची. बरोबर मूठभर गोळ्या असायच्या, त्या पोटात ठरत नसत. औषधानं बरं वाटायच्या आधी जास्तच वाईट वाटतं, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी कमी घाबरलो असतो. म्हणून मी तुम्हाला सांगतोय.

शेजारच्या खाटेवर आमच्या जुन्नरचेच कासमभाई होते. हातकागद बनवणाऱ्यांच्या घरातले, उभा जन्म हौदातल्या पाण्यात हात घालून काढलेला. एकाच गावचे म्हणून आमची लगेच गट्टी जमली. ते दुसऱ्यांदा आले होते. "पैल्या वक्ताला दोन महिन्यांत लई बरं वाटलं, राव," ते सांगायचे. "भूक लागली, खोकला गेला. मग मी कशाला सुया टोचून घेऊ? गेलो घरी, लागलो कामाला." हे ते हसून सांगायचे. मला त्यांचं म्हणणं पटायचं. बरं वाटतंय म्हणजे बरं झालंय, यात चुकीचं काय ते मला दिसत नव्हतं.

त्यांनी माझ्यावर फार माया केली. माझ्या गोळ्या उलटून पडायच्या तेव्हा त्यांनी घरून आलेल्या लिंबाच्या लोणच्याची फोड जिभेवर ठेवायला दिली, आणि त्या दिवसापासून गोळ्या ठरायला लागल्या. डॉक्टरांनी हे ऐकून कपाळाला आठ्या घातल्या, पण लोणचं काढून नेलं नाही.

साखर

इंदू पंधरा दिवसांनी एकदा यायची. लहान पोरांना आत सोडत नसत, म्हणून शकू जुन्नरला तिच्या मावशीजवळ राहायची. एका खेपेला इंदूनं सांगितलं की गावात क्षयाची टोचणी घेऊन सरकारी मंडळी येणार आहेत. मला एकदम माझी खुर्ची परत मिळाल्यासारखं वाटलं. मी खाटेवरून हुकूम सोडला, "शकूला पहिली ने. आणि नीट बघ, हात उठला पाहिजे. नाही उठला तर पुन्हा टोचा म्हणावं."

पुढच्या खेपेला इंदू शकूलाच घेऊन आली. शकूला तारेच्या कुंपणाबाहेर झाडाखाली बसवलं आणि स्वतः जवळजवळ पळतच वॉर्डात आली. तिचा चेहरा मी कित्येक महिन्यांत असा पाहिला नव्हता.

"लई मस्त उठला बघा! ही एवढी गाठ, लालभडक. आख्ख्या आळीत हिच्यावानी कुनाचा न्हाई उठला."

"मंडळी काय म्हणाली?"

"काय म्हननार? तिसऱ्या दिवशी हात बघितला नि म्हनले, हिला लस द्यायची गरज न्हाई. बाकीच्या पोरांना परत दंडावर टोचलं. हिचं एकातच भागलं. शेजारच्या काकूंच्या बाळूचा तर काय केल्या उठंना. मी म्हनलं, काकू, आमचे हे देवी डॉक्टर हायेत, उठलाच पायजे. तर त्यांनी चुना चोळला की वो त्याच्या हाताला!"

मी हसलो. हसायला बंदी असताना हसलो, खोकलो, पुन्हा हसलो. इंदूनं आळीत साखर वाटली होती आणि उरलेली कागदाच्या पुडीत बांधून आणली होती. ती घेऊन मी खाटेखाटेपाशी गेलो, भिंत धरत धरत, आणि प्रत्येकाच्या हातावर चिमूट ठेवली. "आमच्या शकूचा हात उठला," म्हणत होतो. कासमभाईंनी साखर तोंडात टाकली आणि म्हणाले, "अल्ला खैर करो, पोर सुटली."

तेवढ्यात डॉक्टर फेरीला आले. त्यांच्याही हातावर साखर ठेवली.

"कशाबद्दल?"

मी सांगितलं. त्यांनी साखर तोंडात टाकली नाही. मूठ मिटून घेतली आणि विचारलं, "कोपराखाली टोचलं होतं? तिसऱ्या दिवशी पाहिलं? आणि मग लस दिली नाही?"

"गरज नाही म्हणाले," मी अजून हसतच होतो.

ते माझ्या खाटेवर बसले. डॉक्टर कधी रोग्याच्या खाटेवर बसत नसत. "हे बघा, ती पहिली टोचणी लस नव्हती. ती शरीराला केलेली विचारणा होती. कातडीत औषधाचा थेंब घालून विचारायचं, की या जंतूची तुला आधीची ओळख आहे का? ओळख नसेल तर हात तसाच राहतो. त्या पोरांना मग लस देतात. ओळख असेल तर हात उठतो."

मला शब्द सगळे समजले. अर्थ समजला नाही. मी विचारलं, "म्हणजे चांगलंच ना?"

"म्हणजे तिच्या शरीरात जंतू आधीच शिरलेला आहे."

कासमभाईंचं तोंड हलायचं थांबलं. माझ्या हातात पुडी होती, तिच्यात अजून साखर शिल्लक होती, आणि ती कुठं ठेवावी हे मला सुचेना.

कुंपणाशी

इंदूला मीच सांगितलं. कुंपणाशी उभं राहून, जेवढं मला कळलं होतं तेवढं. ती मग म्हणाली, "तुमीच म्हनला व्हता, उठला पायजे."

"हो."

"मग मी साखर कशाची वाटली?" मग शकूकडं बघत ती म्हणाली, "तुमच्या छातीवर झोपायची ती." ती रागानं बोलली असती तर मला बरं वाटलं असतं. ती नुसती आठवत होती.

शकू मात्र खुशीत होती. तिनं तारेतून हात आत घातला आणि गाठ दाखवत म्हणाली, "दादा, बघा, माझा किती मोठा उठला!" मला रडू फुटलं. मी दोन पावलं मागं सरलो आणि वॉर्डाकडं चालू लागलो.

शकूच्या छातीचा फोटो काढेपर्यंत आणि त्याचा निकाल येईपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते मला नीट सांगता येणार नाही. काही दिवस मी गोळ्या थुंकून दिल्या. पोरीला देऊन आपण बरं व्हायचं, हे मला चोरीसारखं वाटत होतं. कासमभाईंनी ते पाहिलं. "येड्यावानी करू नका," ते खेकसले, "तुमी मेलात तर तिचा हात काय बसनार हाय का?"

निकाल आला. फोटो स्वच्छ होता. मी डॉक्टरांना विचारलं, "मग हात उठला ते खोटं का?"

"ते खरं आहे. फोटोही खरा आहे. जंतू शिरणं वेगळं आणि रोग होणं वेगळं. शरीरानं त्याला कोंडून ठेवलंय. बहुतेकांच्यात तो जन्मभर तसाच पडून राहतो. तिला खाऊपिऊ घाला, काही वर्षं लक्ष ठेवा, ताप-खोकला झाला तर लगेच आणा." मग त्यांनी बाही वर केली आणि स्वतःचा हात पुढं केला. "माझाही उठला होता. आम्हा डॉक्टर मंडळींत कितीतरी जणांचा उठतो."

"तिला मी दिला का?"

इतके महिने न विचारलेला प्रश्न मी असा एका दमात विचारून टाकला. डॉक्टर म्हणाले, "घरात तुमचा खोकला होता, म्हणजे बहुधा तुमच्याकडूनच. पण जंतूवर नाव लिहिलेलं नसतं. खात्रीनं मी सांगू शकत नाही, आणि कुणीच सांगू शकणार नाही."

मी विज्ञानाकडून एक हो किंवा एक नाही मागत होतो. देवीच्या टोचणीत ते मला बारा वर्षं मिळत आलं होतं. इथं खरंखुरं माहीत असलेला माणूस मला 'बहुधा' म्हणत होता. त्या शब्दाचा मला तेव्हा फार राग आला. पण खरं सांगतो, आजवर ज्यांनी ज्यांनी छातीठोक उत्तरं दिली आणि ती चुकली, त्यांच्यात मीही होतोच.

कासमभाई

माझी पोकळी आकसत गेली, त्यांची वाढत गेली. औषध तेच, सुया त्याच, दूध-अंडं तेच. मी डॉक्टरांशी भांडलोच. तेव्हा त्यांनी सांगितलं की पहिल्या वेळी औषध अर्धवट सोडल्यानं कासमभाईंच्या अंगातले जंतू औषधाला सरावले होते. बरं वाटतं तेव्हा कमजोर जंतू मेलेले असतात. दांडगे मागं उरतात. त्याच दांडग्यांची पैदास होते. मला हे कळलं, पण पटायला फार वेळ लागला, कारण पटलं म्हणजे कासमभाई जाणार हेही मान्य करावं लागत होतं.

ते पावसाळ्याच्या तोंडाला गेले, सकाळी, थर्मामीटरच्या वेळी. लोणच्याची बरणी त्यांच्या मुलानं मलाच देऊन टाकली. तुम्ही हे वाचत असाल आणि तुम्हाला दोन महिन्यांत बरं वाटत असेल, तर कृपा करून औषध सोडू नका. बाकी कशाची मला खात्री नाही, एवढ्याची आहे.

घरी

थुंकी तीन वेळा तपासून स्वच्छ निघाली आणि दीड वर्षानं मला घरी सोडलं. डॉक्टर म्हणाले, आता तुमच्यापासून कुणाला धोका नाही. गावात हॉटेलवाल्यानं माझ्यासाठी वेगळा कप खिळ्याला टांगला. इंदूनं तो कप एक दिवस जाऊन मागून आणला आणि त्याच्यासमोर फोडला. मी तिला ओरडलो, पण मनातून मला आवडलं.

मला मात्र स्वतःच्या छातीचा भरवसा वाटेना. शकू आता सहा वर्षांची होती. ती खोलीत आली की मी भिंतीकडं तोंड करून बसायचो. बोलायचं झालं तर तोंडावर पंचा धरून, दुसरीकडं बघत. ती जवळ सरकली तर उठून ओट्यावर जायचो. तिला हाक मारायचो ती इंदूकरवी. इंदू म्हणायची, "डॉक्टर नीट म्हनत्यात ना? मग?" मी म्हणायचो, राहू दे. सहा महिने असे गेले.

एका रविवारी इंदू विहिरीवर गेली होती. मी भिंतीकडं तोंड करून बसलो होतो आणि शकू मागं येऊन उभी राहिली. मी उठायला लागलो तर तिनं माझ्या सदऱ्याचं टोक धरलं.

"दादा, माझा हात बसला," ती म्हणाली.

मला काही कळलं नाही. मी पंचा तोंडाशी नेत विचारलं, "कसला हात?"

"टोचलेला. कवाच बसला. आता कायसुदिक न्हाई तिथं. तुमी बघितलाच न्हाई." तिनं बाही कोपरापर्यंत वर केली होती आणि हात माझ्या खांद्यावरून पुढं धरला होता. "आता बोलाल ना माझ्याशी? मी मुद्दाम नव्हता उठवला."

पोरीच्या डोक्यात जवळजवळ दोन वर्षं हे होतं. आईनं आधी साखर वाटली, मग बाप तिचा हात बघून रडला, पाठ फिरवून निघून गेला, आणि घरी परत आला तरी तोंड दाखवेना. तिनं तिच्या परीनं त्याचा अर्थ लावला होता. मला वाटत होतं घरात गोंधळलेला मी एकटाच आहे.

पंचा खाली ठेवला. वळलो. तिला पुढ्यात बसवलं, अगदी जवळ, तिचा श्वास माझ्या तोंडाला लागेल इतकी जवळ. भीती वाटत होती, ती गेली नव्हती.

"शकू, तुझं काही चुकलं नाही," मी म्हणालो. "माझं चुकलं."

"काय चुकलं?" तिनं विचारलं.

आणि मी तिला पहिल्यापासून सांगायला लागलो.